माळवदाखालची रात्र

बसवकल्याणहून किल्लारी सरळ रेषेत पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवर आहे. मधे महाराष्ट्र-कर्नाटकाची सीमा लागते, पण सोयरिकींना ती कधी आडवी आली नाही. उमरगा, निलंगा, औसा या भागात इकडच्या लेकी दिलेल्या, तिकडच्या लेकी इकडे आलेल्या. त्यामुळे ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ही आमच्यासाठी शेजारच्या राज्यात घडलेली आपत्ती कधीच नव्हती. ती रात्र तासातासाने मांडायची तर एक फरक आधीच सांगायला हवा. भूकंप कधी येणार हे त्या रात्री कोणालाही सांगता येत नव्हतं, आजही येत नाही. भूकंप आला तर कोणती भिंत पडणार, हे मात्र तेव्हाही सांगता येत होतं.

साडेअकरा महिने आधी

१९९२ च्या पावसाळ्याच्या अखेरीपासून किल्लारीच्या परिसरात जमिनीतून गुरगुर ऐकू येऊ लागली होती. लहान लहान धक्के बसत होते. १८ ऑक्टोबर १९९२ ला त्यांतला मोठा धक्का बसला आणि भिंतींना तडे गेले. लोकांनी काही रात्री अंगणात, शेतात काढल्या. पुढे धक्के विरळ होत गेले. पिकांची कामं, थंडी, मुलाबाळांचे हाल. किती दिवस बाहेर झोपणार? माणसं घरात परतली.

यात कोणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. धक्क्यांच्या अशा मालिका बहुतेक वेळा आपोआप विरून जातात. त्यांच्यामागून मोठा भूकंप येणार की नाही, हे ओळखण्याची खूण शास्त्राच्या हाती नव्हती. त्यात देशाच्या भूकंप-नकाशावर लातूरचा भाग पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या रंगात होता. दख्खनचं पठार जुनं आणि घट्ट, ते हलत नाही, हा समज शाळेच्या पुस्तकापासून सरकारी कचेरीपर्यंत सगळीकडे पक्का होता. महाराष्ट्रात भूकंप म्हटलं की कोयना. ११ डिसेंबर १९६७ ला तिथेही पहाटेच घरं पडली होती, पण कोयना सह्याद्रीत, आपण कुठे!

वीस तास आधी

बुधवार, २९ सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशी. सकाळचे आठ.

या वेळी गावात फिरणाऱ्याला भिंतींत काहीच वेगळं दिसलं नसतं. त्या तशाच होत्या, जशा आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या गावात आजही दिसतात. दोन-अडीच फूट जाड दगडी भिंत. बाहेरून किल्ल्यासारखी भक्कम, पण ती एक भिंत नसते. आतल्या बाजूने दगडांचा एक थर, बाहेरून दुसरा, मधल्या पोकळीत कपच्या आणि माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. सांधायला चुना नाही, सिमेंट नाही, चिखल. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर माती. हेच माळवद. पावसाळ्याआधी गळती बुजवायला त्यावर नवी माती पसरायची. जुनी कोणी उतरवत नाही. आजोबांनी घातलेल्या मातीवर वडिलांची, तिच्यावर मुलाची. थर अर्धा मीटर झाला तर दर चौरस मीटरवर सुमारे आठशे किलो वजन येतं. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर जवळजवळ नऊ टन.

असं घर बांधणारे अडाणी होते, असं भूकंपानंतर अनेकांनी लिहिलं. ते मला मान्य नाही. एप्रिल-मेच्या उन्हात जिथे पारा चाळिशीच्या पुढे जातो तिथे मातीचं छत आणि जाड भिंत यांच्याइतका गारवा दुसरं काही देत नाही. काळा दगड शेतातच निघतो. गवंडी गावातलाच. हे घर उन्हाशी लढायला बांधलं होतं आणि ती लढाई ते पिढ्यान् पिढ्या जिंकत होतं. आडवा धक्का त्याच्या हिशेबात कधी आलाच नाही. दगडालाही दोष नाही. आमच्याकडच्या नारायणपूर आणि जलसंगवीची चालुक्यकालीन मंदिरं दगडाचीच आहेत आणि झीज सोसून आजही उभी आहेत. ती घडीव, एकमेकांत बसवलेल्या दगडांची. गोल धोंड्यांना नुसता चिखल थापून ती ताकद येत नाही.

साडेनऊ तास आधी

दिवेलागण. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, राजेगाव, एकोंडी, पेठसांगवी, कवठा. तेरणाकाठच्या या गावांत विसर्जनाच्या मिरवणुका निघत आहेत. ढोल, लेझीम, गुलाल. दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवड्याची चाहूल.

चार तास आधी

मध्यरात्र. मिरवणुका आटोपत आल्या आहेत. थकलेली माणसं घरी येऊन आडवी होतात. दिवस पावसाळ्याच्या शेवटाचे, त्यामुळे झोपायचं ते आतच. वैशाखाची रात्र असती तर अर्धं गाव अंगणात किंवा माळवदावर झोपलं असतं. ऋतूचा हा फरक किती हजार जिवांचा ठरला, याचा हिशेब कधीच होणार नाही.

सणाच्या दिवशी कोसळलेली अशीच एक आपत्ती जगाच्या दुसऱ्या टोकाला, कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर नोंदलेली आहे. तिथला माँ पले ज्वालामुखी १९०२ च्या एप्रिलपासून राख ओकत होता. ५ मे रोजी चिखलाच्या लोंढ्याने एक साखर कारखाना गिळला. तरी सेंट पिएर शहर रिकामं झालं नाही. उलट आसपासच्या खेड्यांतले घाबरलेले लोक आसऱ्याला शहरात आले. निवडणूकही तोंडावर होती. ८ मे, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण. सकाळी आठच्या सुमारास तापलेल्या वायूचा आणि राखेचा ढग डोंगरावरून उतरला आणि मिनिट-दोन मिनिटांत सुमारे अठ्ठावीस हजार माणसं गेली. तिथे वाचण्याचा एकच मार्ग होता, गाव सोडणं. त्या ढगापासून घराची भिंत वाचवू शकत नव्हती. किल्लारीत मात्र गाव सोडण्याची गरज नव्हती. भिंत वेगळी असती तर पुरलं असतं. दोन्ही ठिकाणी इशारे मिळाले आणि वाया गेले, पण मला किल्लारीचं दुःख जास्त बोचतं ते यामुळे.

अर्धा तास आधी

पहाटेचे साडेतीन. मुंबईत मुख्यमंत्री शरद पवार विसर्जनाच्या बंदोबस्तासाठी जागे राहिले होते. राज्यातल्या मिरवणुका शांततेत पार पडल्याची खबर घेऊन ते झोपायला गेले, असं त्यांनीच पुढे अनेकदा सांगितलं आहे. किल्लारीत गाढ झोप. काही तरुण पोरं अजून बाहेरच होती आणि बाहेर असल्यामुळेच वाचली.

३ वाजून ५५ मिनिटं ४८ सेकंद

सुमारे या क्षणाला जमिनीखाली काही किलोमीटरवर खडक फाटला. तीव्रता ६.२. जगाच्या मानाने हा फार मोठा भूकंप नव्हे. पण केंद्र उथळ होतं, गावं नेमकी त्याच्या डोक्यावर होती.

आडव्या धक्क्याने भिंतींचे दोन थर एकमेकांपासून सुटले. बाहेरचा बाहेर पडला, आतला आत. आधार गेलेलं माळवद खाली आलं. पळायला वेळ नव्हताच, आणि जे गल्लीत पोहोचले त्यांच्यावर गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती पडल्या. दगडाखाली सापडलेला माणूस कधी कधी पोकळीत श्वास घेत राहतो. मातीखाली ती सोय नसते. अनेकांच्या अंगावर मोठी जखमही नव्हती, ते गुदमरून गेले.

जिथे माळवदाचं ओझं लाकडी खांबांवर होतं, तिथे भिंती पडूनही काही छतं टिकली आणि खालची माणसं जगली. आणि ज्यांना दगडी घर कधी परवडलंच नाही, त्यांच्या कुडाच्या झोपड्यांनी त्यांना वाचवलं.

पंधरा सेकंदांनी

जमिनीतली मुख्य लाट सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर जाते. म्हणजे पंधरा सेकंदांच्या आत-बाहेर ती आमच्या बसवकल्याणला पोहोचली. दारं वाजली, मांडणीवरची भांडी खणखणली, बीदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांत लोक रस्त्यावर आले. दोन मिनिटांच्या आत ती मुंबईत होती. खिडक्या हादरल्यावर पवारांनी फोन लावला तो कोयनेला. तो सगळ्या राज्याचा समज होता. केंद्र लातूरकडे आहे हे त्यानंतर कळलं.

दोन तासांनी

फटफटतं आहे. या दोन तासांत बाहेरून फारशी मदत आलेली नाही. जे निघाले ते आपल्याच माणसांच्या हातांनी, खोऱ्याने, फावड्याने, नखांनी. उजाडल्यावर जे दिसलं ते गाव नव्हतं, दगडमातीचे ढीग होते. घर कुठलं, गल्ली कुठली, हे गावकऱ्यांनाही ओळखेना.

मुख्यमंत्री सकाळीच भूकंपग्रस्त भागाकडे निघाले. लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी यांच्यासमोर पुढची काही वर्षं मदतीचं आणि पुनर्वसनाचंच काम उरणार होतं. जखमींना सोलापूरकडे हलवणं सुरू झालं. मग लष्कर आलं. त्यांच्याबरोबर बघ्यांची गर्दीही आली, इतकी की मदतीच्या गाड्या अडकल्या. त्यात जोराचा पाऊस. सरणं रचायची, ती भिजायची. एकेका सरणावर अनेकांना अग्नी दिला गेला, काही ठिकाणी अग्नी देणारा वारसही उरला नव्हता. पाच दिवसांनी एक तान्ही मुलगी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली, तेव्हा लष्कराचे जवानही रडले असतील तर नवल नाही.

मृतांचा सरकारी आकडा ७,९२८. इतर अनेक अहवालांत तो ९,७४८ आहे. कोयनेच्या भूकंपात बळी गेले होते दोनशेच्या आसपास, आणि त्याची ताकद किल्लारीपेक्षा कमी नव्हती.

त्यानंतरची वर्षं

बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. जागतिक बँकेच्या कर्जावर महाराष्ट्राने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबवला. त्यात नवी घरं होती, आणि उभ्या असलेल्या लाखांहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीही होती. बातम्या नव्या गावांच्या झाल्या. माझ्या मते खरी मोलाची होती ती मजबुती. माळवदावरची माती कमी करायची, भिंतीत ठरावीक अंतरावर भोकं पाडून दोन्ही थरांना बांधणारे दगड किंवा काँक्रीटचे तुकडे बसवायचे, दारांच्या वरच्या पातळीवर घरभर फिरणारा पट्टा घालायचा, कोपरे बांधून घ्यायचे. गावचा गवंडी करू शकेल अशी ही कामं. २००२ मध्ये देशाच्या नकाशावरून पहिला विभागच काढून टाकण्यात आला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

मात्र तो कार्यक्रम महाराष्ट्राचा होता. सीमेच्या अलीकडच्या भिंती त्याच्या यादीत नव्हत्या, जरी त्याच दगडाच्या, त्याच चिखलाच्या होत्या.

ऑक्टोबर २०२१

कलबुर्गी (पूर्वीच्या गुलबर्गा) जिल्ह्याच्या चिंचोळी तालुक्यातलं गडीकेश्वर. जमिनीतून आवाज, धक्क्यामागून धक्के, त्यांतला मोठा चारच्या आसपासचा. लोक घराबाहेर झोपू लागले, काही गाव सोडून गेले. अधिकारी आले, शास्त्रज्ञ आले, उपकरणं लागली. धक्के सौम्य आहेत, घाबरू नका, असं सांगण्यात आलं आणि ते शास्त्राला धरूनच होतं. पण किल्लारीतही १९९२ मध्ये याहून वेगळं काही सांगण्यासारखं नव्हतं.

धक्क्यांकडे पाहताना घरांकडे पाहणं राहून जातं, हेच माझं म्हणणं आहे. हल्ली आमच्याकडे जुन्या दगडी भिंतींवर माळवद काढून थेट स्लॅब टाकतात आणि घर पक्कं झालं असं मानतात. १२ जानेवारी २०१० ला कॅरिबियनमधल्याच हैतीत ७.० तीव्रतेच्या भूकंपाने राजधानीतल्या सिमेंटच्या इमारती लोकांवर कोसळवल्या. तिथे स्लॅब होते, पण खालचे खांब आणि जोड दुबळे होते. चिखलाच्या भिंतीवरच्या स्लॅबला आडवा धक्का मातीच्या माळवदासारखाच खाली आणेल.

बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, भालकी. या तालुक्यांत अशी घरं गावोगाव आहेत. ग्रामपंचायतीने गवंडी आणि एक अभियंता घेऊन दोन दिवस फिरलं तरी कोणत्या भिंतीत आरपार दगड नाही, कोणाच्या डोक्यावर किती माती आहे, याची यादी होते. पुढच्या मे महिन्यात माळवदावर नवी माती चढवण्याआधी जुनी टोपलीने उतरवायला एक दिवस लागतो. त्याला सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही. भिंतींच्या मजबुतीसाठी मात्र योजना हवी, आणि ती कर्नाटक सरकारकडे मागायची तर १९९३ ची ही नोंद अर्जाला जोडता येते.