संगणकीय खेळांतील अडखळणे व अस्थैर्य : दोषनिदानाचा ऐतिहासिक अभ्यास (१९९४ ते २०२४)

प्रस्तावना :
खेळांसाठी वापरला जाणारा संगणक हा इतिहासलेखनाचा विषय सहसा मानला जात नाही. तथापि, यंत्रातील दोष प्रथम कोणाला जाणवला, तो कोणी नाकारला आणि अखेर कोणत्या पुराव्याने तो सिद्ध झाला, हे प्रश्न तंत्रज्ञानाच्या इतिहासात मध्यवर्ती आहेत. खेळ चालू असताना पडद्यावरील हालचाल क्षणभर थबकणे म्हणजे अडखळणे, तर खेळ अचानक बंद पडणे किंवा संगणक गोठणे म्हणजे अस्थैर्य होय. हे दोष वापरणाऱ्याला जाणवतात, परंतु हवे तेव्हा पुन्हा घडवून दाखविता येत नाहीत. परिणामी सिद्धतेचा भार तक्रार करणाऱ्या ग्राहकावरच पडतो. हा भार गेल्या तीन दशकांत कसा हलत गेला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

उद्दिष्टे :
१) दोषनिदानाच्या मापनपद्धतीतील बदल अभ्यासणे.
२) लक्षण व मूळ कारण यांतील अंतर उदाहरणांसह स्पष्ट करणे.
३) ग्राहकाच्या अनुभवाला पुरावा म्हणून मिळालेल्या स्थानाचा विचार करणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून १९९४ ते २०२४ या काळातील निवडक घटनांचा विचार केला आहे.

विवेचन :

१) पार्श्वभूमी : पेंटियम प्रकरण
या इतिहासाची पार्श्वभूमी खेळांच्या बाहेर सापडते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करणारे प्रा. थॉमस नाइसली यांना १९९४ मध्ये जुळ्या मूळ संख्यांविषयीच्या आकडेमोडीत विसंगती आढळली. त्यांनी एकेक शक्यता तपासून बाद केली. ऑक्टोबर १९९४ पर्यंत दोष इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात असल्याचे त्यांनी निश्चित केले. सामान्य वापरात अशी चूक २७,००० वर्षांतून एकदा घडेल, असे इंटेलचे म्हणणे होते. आपल्या कामास बाधा येते, हे दाखवू शकणाऱ्यांनाच सुरुवातीला प्रोसेसर बदलून मिळत असे. टीका वाढल्यावर २० डिसेंबर १९९४ रोजी कंपनीने मागणी करणाऱ्या प्रत्येकाला तो बदलून देण्याचे जाहीर केले. त्यापोटी तिला ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. येथे ‘सरासरी ग्राहक’ ही कल्पना दोषाचे गांभीर्य कमी दाखविण्यासाठी वापरली गेली, ही बाब लक्षणीय आहे.

२) सरासरीची मर्यादा
खेळांच्या क्षेत्रातही सरासरीचेच वर्चस्व होते. दर सेकंदाला पडद्यावर किती चित्रे, म्हणजे फ्रेम, उमटतात यावरून संगणकाची क्षमता ठरविली जात असे. एका सेकंदात ५० फ्रेम प्रत्येकी १६ मिलिसेकंदांत आणि एकच फ्रेम २०० मिलिसेकंदांत तयार झाली, असे समजू. एकूण फ्रेम ५१ भरतात व आकडा समाधानकारक दिसतो. प्रत्यक्षात चित्र सेकंदाचा पाचवा भाग स्थिर राहिलेले असते. वर्गाच्या सरासरी गुणांवरून अनुत्तीर्ण विद्यार्थी ओळखता येत नाही, तसाच हा प्रकार होय.

सप्टेंबर २०११ मध्ये ‘द टेक रिपोर्ट’ या प्रकाशनात स्कॉट वॉसन यांनी सेकंदाऐवजी प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ मोजण्याची पद्धत मांडली. डिसेंबर २०१२ मध्ये याच पद्धतीने एएमडीच्या रेडिऑन एचडी ७९५० या ग्राफिक्स कार्डातील अडखळणे उघड झाले. कंपनीने त्यानंतर आपल्या ड्रायव्हरमध्ये सुधारणा हाती घेतली. २०१३ मध्ये एनव्हिडियाने विकसित केलेल्या एफकॅट या साधनाने प्रत्येक फ्रेमच्या कडेला रंगीत पट्टी उमटवून पडद्याकडे जाणारे चित्र नोंदविणे शक्य केले. दोन रेडिऑन कार्डे जोडलेल्या संगणकांत काही फ्रेम जेमतेम काही ओळींपुरत्याच दिसतात, परंतु मोजणीत पूर्ण धरल्या जातात, हे त्यातून निदर्शनास आले. ऑगस्ट २०१३ मध्ये एएमडीने फ्रेममधील अंतर समान राखणारा ड्रायव्हर उपलब्ध करून दिला. ग्राहकांची तक्रार आधीपासूनच होती. मापनाचे एकक बदलल्यावर तिला पुरावा लाभला.

३) लक्षण एकीकडे, कारण दुसरीकडे
मापन सुधारले तरी निदान सोपे झाले नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम ही सुरक्षा-सुविधा आवश्यक ठरली. काही रायझन संगणक अधूनमधून क्षणभर अडखळू लागले, तेव्हा संशय साहजिकच ग्राफिक्स कार्ड, मेमरी अथवा ड्रायव्हर यांवर गेला. मार्च २०२२ मध्ये एएमडीने खरे कारण मान्य केले. ही सुविधा मदरबोर्डवरील फ्लॅश मेमरीशी दीर्घ व्यवहार करीत असताना संगणक थबकत होता. त्यावर बायोसच्या सुधारित आवृत्तीचा उपाय योजण्यात आला.

इंटेलच्या १३ व्या (२०२२) व १४ व्या (२०२३) पिढीतील प्रोसेसरचे प्रकरण अधिक गंभीर होते. अनेक खेळ ‘ग्राफिक्स मेमरी अपुरी आहे’ अशा आशयाची सूचना देऊन बंद पडत. सूचना ग्राफिक्स कार्डाकडे बोट दाखवीत होती; दोष मात्र प्रोसेसरमध्ये होता. खेळातील संकुचित माहिती उलगडताना प्रोसेसर चुकत असे व त्या चुकीचे रूपांतर भलत्याच सूचनेत होई. २०२४ च्या पूर्वार्धात मदरबोर्डवरील वीजपुरवठ्याच्या मांडणीकडेही संशय वळला. जुलै २०२४ मध्ये इंटेलने सदोष मायक्रोकोडमुळे प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत असल्याचे मान्य केले. ऑगस्टमध्ये सुधारित मायक्रोकोड आला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविण्यात आली. सप्टेंबर २०२४ मधील स्पष्टीकरणानुसार वाढीव व्होल्टेज व तापमान यांमुळे प्रोसेसरमधील घड्याळ-मंडलाची अकाली झीज होत होती. सुधारणेमुळे पुढील झीज रोखता येते. झालेली झीज भरून निघत नाही. म्हणून निदानातील विलंब हेच येथे ग्राहकाचे खरे नुकसान ठरले.

४) निदानाची रीत
या घटनांतून निदानाचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम फ्रेमच्या वेळेची नोंद घ्यावी. वाढविलेला वेग व व्होल्टेज मूळ मर्यादेवर आणावेत. तापमान व मेमरी तपासावी. बायोस व ड्रायव्हर अद्ययावत करावेत. एका वेळी एकच घटक बदलून परिणाम नोंदवावा. संगणकाने दिलेली सूचना हे लक्षण समजावे, निदान समजू नये. प्रा. नाइसली यांनी १९९४ मध्ये अनुसरलेला मार्ग याहून फारसा वेगळा नव्हता.

निष्कर्ष :
१) सरासरी हे माप सोयीचे असले तरी अधूनमधून घडणारा दोष त्यात लपतो.
२) दोष जेथे दिसतो तेथेच त्याचे कारण असते असे नाही, म्हणून निरसनाची पद्धत अपरिहार्य ठरते.
३) पेंटियमपासून रॅप्टर लेकपर्यंत ग्राहकाचा अनुभव उत्पादकाच्या कबुलीच्या आधी आला. तो मोजता न येणे हा त्या काळच्या साधनांचा उणेपणा होता. ज्या अनुभवासाठी अद्याप माप उपलब्ध नाही त्याची नोंद घेणे, हे तंत्रज्ञानाइतकेच इतर ज्ञानशाखांच्या अभ्यासकांचेही कर्तव्य ठरते.