मारिओचे चौकोन

दिवाळीत मुलगा बेंगळुरूहून आला, तेव्हा भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर त्यानं जुना मारिओ लावला. "आई, बघ, तुमच्या काळातला गेम. अगदी ओरिजिनल!" पडद्यावर फरशीच्या तुकड्यांसारखे धारदार चौकोन दिसत होते. मी पटकन म्हणाले, "हा तो नव्हे." तो हसला. "तोच आहे गं. तेव्हा धूसर दिसायचा, आता स्वच्छ दिसतो, एवढंच."

मला काही ते पटेना. १९९३ च्या सुमारास माझ्या धाकट्या भावानं हट्ट करून खडेबाजारातून टीव्हीला जोडायचा गेम आणवला होता. सूर्यास्तापूर्वी आमची जेवणं उरकली, की संध्याकाळ मोकळी. भाऊ कॅसेटमध्ये फुंकर मारायचा, अँटेनाच्या जागी वायर खोचायचा आणि म्हणायचा, "अक्का, आता तुझी पाळी." भाऊ आज नाही. त्याच्यासोबत पाहिलेला मारिओ मला मऊ, गोल गालांचा आठवतो. आठवण कधीकधी फसवते, हे मान्य. म्हणून म्हटलं, आधी इतिहास पाहू.

निन्टेंडोनं जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम हे यंत्र बाजारात आणलं. 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला १९८५ मध्ये. आपल्याकडे स्वस्तात मिळायच्या त्या बहुतेक त्याच यंत्राच्या नकला. त्याचं चित्र आडवं २५६ आणि उभं २४० ठिपक्यांचं. मारिओच्या अंगावर एका वेळी तीनच रंग. एवढ्याशा जागेत तोंड दाखवणं कठीण म्हणून त्याचा कर्ता शिगेरू मियामोतो यानं त्याला मिशी दिली, केस काढणं कठीण म्हणून टोपी घातली. अडचणीतून आलेली ही मिशीच पुढं जगभर त्याची ओळख झाली.

पण हे ठिपके दिसायचे कुठं? पाठीला फुगीर पेटी असलेल्या काचेच्या टीव्हीवर. त्यात इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर ओळीमागून ओळ आखत जायचा आणि काचेमागचा लेप उजळायचा. उजळ ठिपका शेजारच्यात थोडा पसरायचा, दोन ओळींमध्ये बारीक काळी फट राहायची. वायरीतून येताना रंगही एकमेकांत मिसळायचे. शिवाय ठिपका नेमका चौकोनी नसायचा, जरा रुंदच असायचा. चित्रकारांना हे ठाऊक होतं आणि काहींनी त्याचा उपयोगही करून घेतला. १९९१ च्या 'सॉनिक'मधला धबधबा बघा. एकाआड एक उभ्या रेघा काढून तो बनवलाय. जुन्या टीव्हीवर त्या मिसळून पाणी पारदर्शक दिसायचं. आजच्या स्वच्छ पडद्यावर ते गजांच्या खिडकीसारखं दिसतं! मग खरा धबधबा कोणता?

अर्थात, धारदार चौकोन खोटेच, असंही नाही. १९८९ च्या गेम बॉयला काचेची नळी नव्हतीच. त्याच्या १६० बाय १४४ ठिपक्यांच्या छोट्या पडद्यावर चौकोन वेगवेगळे दिसायचे. १९८४ च्या मॅकिन्टॉश संगणकासाठी सुझन केअर या चित्रकार बाईंनी ३२ बाय ३२ चौकोनांत चिन्हं काढली, तीही रेखीवच दिसत. हे काम मोझेक आणि भरतकामाच्या जातीचं आहे, असं त्या सांगतात. हे वाचून मला आपली कसुती आठवली. छापा नाही, आखणी नाही, नुसते धागे मोजायचे. मेथीच्या दाण्यावरून नाव पडलेला मेंथे टाका म्हणजे फुलीच की! जवळून बघावं तर फुल्याच फुल्या, हातभर लांब धरलं की मोर. कापडाला नाक लावून "यात मोर कुठाय?" असं कुणी विचारलं, तर चूक मोराची नव्हे.

तेव्हा माझं मत असं झालं, की चौकोन धारदार बरे की मऊ, याला एकच उत्तर नाही. चित्र ज्या पडद्यासाठी काढलं, तिथं ते जसं दिसलं, ते त्याचं रूप. मुलाकडे कॅसेटमधला प्रत्येक ठिपका जपलेला आहे, त्यात खोट नाही. हरवलंय ते बघणं. आणि त्यात माझाही हात आहे. घर रंगवताना जागा अडते म्हणून आमचा जुना टीव्ही मीच भंगारवाल्याला देऊन टाकला. वजनावर गेला तो.

मुलाला हे सगळं सांगितलं. त्यानं सेटिंगमध्ये काहीतरी शोधलं आणि पडद्यावर बारीक ओळी आल्या, कडा मऊ झाल्या. जुन्या काचेचा हा आभासच, पण बराच जवळचा. मारिओचे गाल परत आले. थोडा वेळ बघून मुलगा म्हणाला, "मामा कुठल्या लेव्हलपर्यंत जायचा गं?" मग आम्ही बराच वेळ बोलत बसलो.

तुमच्या माळ्यावर अजून तसला टीव्ही असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा मुलांना लावून दाखवा.