आमच्या वेळी नव्हतं असलं काही

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या कागदावर 'एडीएचडी' असं लिहिलं. वयाच्या ४३व्या वर्षी! मावशीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "आमच्या वेळी नव्हतं गं असलं काही. तू पहिल्यापासूनच धांदरट, दुसरं काय?"

मावशी हे वाचणार आहे. तेव्हा फोनवर सुचलं नाही ते इथे लिहिते. (मला उत्तरं नेहमी फोन ठेवल्यावरच सुचतात.)

होतं गं मावशी. पेशवाई बुडायची होती तेव्हाही होतं. १७९८ साली अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश डॉक्टरने मनाच्या विकारांवर ग्रंथ लिहिला. त्यात 'लक्ष' या विषयावर आख्खं प्रकरण आहे. कुणी टेबल सरकवलं, दार आपटलं, कुत्रं भुंकलं, एवढ्यानेही काहींचं चित्त उडतं आणि हे जन्मजात असू शकतं, असं तो म्हणतो. शाळेत काही मुलांना लॅटिन-ग्रीकचं व्याकरण इतकं नकोसं होतं की छडी दाखवा नाहीतर गोंजारा, लक्ष लागतच नाही, हेही त्याने नोंदवलंय. मला आमचा संस्कृतचा तास आठवला. 'देवः देवौ'पर्यंत मी वर्गात असायचे, 'देवाः'ला खिडकीबाहेर.

पुढे १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये तीन व्याख्यानं दिली. बुद्धी चांगली असलेल्या २० मुलांबद्दल तो बोलला. १५ मुलगे, ५ मुली. ६ वर्षांच्या एका मुलाचं लक्ष म्हणे खेळातसुद्धा टिकत नसे. आता खेळायचा आळस कोण करेल? पण स्टिलने या सगळ्याला नाव दिलं, 'नैतिक नियंत्रणातला दोष'. त्यात खोटं बोलणारी, चोरी करणारी मुलंही होती, हे खरं. आणि तो कारण शरीरात शोधत होता, आईबापांच्या वळणात नव्हे, हेही खरं. पण शब्द तो शब्दच!

मग नावं बदलत गेली. आधी 'मेंदूची किंचित इजा', १९८० साली 'अवधानाची कमतरता', १९८७पासून आजचं लांबलचक नाव. असो.

मला आवडते ती १९३७ची गोष्ट. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या मुलांच्या एका रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर होते. मेंदूचा एक्स-रे काढायला तेव्हा मणक्यातून द्रव काढत, त्याने मुलांचं डोकं भयंकर दुखे. त्यावर म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन देऊन पाहिलं. डोकेदुखी काही फारशी हटली नाही, पण काही मुलं चक्क अभ्यासाला लागली! मग ३० मुलांना आठवडाभर ते औषध दिलं. जवळजवळ निम्म्यांचा अभ्यास कमालीचा सुधारला. मुलांनीच त्या गोळ्यांना नाव ठेवलं, 'गणिताच्या गोळ्या'.

शहाणपणाच्या नव्हे हं. मोठ्यांना मुलांचा स्वभाव दिसत होता, मुलांना फक्त गणित सुटत नव्हतं.

माझ्या प्रगतिपुस्तकात सहा वर्षं एकच शेरा होता: हुशार आहे, पण लक्ष नाही. आई सही करायची, बोलायची काहीच नाही. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. शेवटी मीच मला आळशी म्हणायला लागले, ते गेल्या महिन्यापर्यंत.

मावशी, रविवारी येतेय. अकरा म्हणाली होतीस की चार? फोन कर.