हलगी माळ्यावरची

जालना जिल्ह्यातील आमच्या गावी माझे आजोबा हलगी वाजवीत. वरात त्यांच्यावाचून निघत नसे. पंगतीत मात्र त्यांना जागा नव्हती. मी पदवीधर झालो त्या वर्षी वडिलांनी ती हलगी माळ्यावर टाकली.

हे आठवले ते त्रिलोक गुर्टू यांची ‘उस्फ्रेट’ ऐकताना. १९५१ साली मुंबईत जन्मलेल्या या जाझ-ड्रमवादकाची, स्वतःच्या नेतृत्वाखालची ही पहिली ध्वनिमुद्रिका १९८८ साली निघाली. तीत डॉन चेरी या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंताचा ट्रम्पेट आहे आणि त्रिलोक यांच्या आई, ठुमरीगायिका शोभा गुर्टू, यांचा स्वर. इथे ड्रमवादक कुणाच्या दारी हजेरी लावीत नाही. मेळ त्याचा, सुरुवात त्याची.

जाझ गुलामांच्या वंशजांनी घडविले. दक्षिण कॅरोलिनात १७३९ च्या बंडात ढोल वाजले, म्हणून १७४० च्या कायद्याने गुलामांना ढोलाची बंदी झाली. आपल्याकडे उलट घडले. गावाने ढोल हिरावला नाही; तो आमच्या गळ्यात अडकविला. म्हणून ढोल हाती घेणे हे त्यांचे बंड ठरले आणि हलगी टाकणे हे आमचे. १९५६ नंतर ज्यांनी गावकीची कामे नाकारली, त्यांना या बंडाची किंमत ठाऊक आहे.

वडिलांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण दोष चामड्याचा नव्हता, हुकमाचा होता. आता माझी मुलगी माळ्याकडे बोट दाखविते. ती हलगी मी काढीन, शेकून तिच्या हाती देईन. वरातीपुढे चालण्यासाठी नव्हे, ताल तिनेच ठरवावा म्हणून.