वऱ्हाडातल्या जीपचे पाठभेद

साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे जीपगाडीचा विषय मांडताना आम्हांला थोडा संकोच वाटतो, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. परंतु ‘मूळ’ या शब्दाने आपल्या अभ्यासात जेवढी जागा व्यापली आहे, जवळजवळ तेवढीच ती मोटार वाहनांच्या कायद्यातही व्यापली आहे, हे ध्यानात आले तेव्हा हा संकोच पुष्कळसा कमी झाला. मूळ संहिता कोणती, तीत हात घालण्याचा अधिकार कोणाला, आणि घातलेल्या हाताला भ्रष्टता म्हणावे की भर, हे प्रश्न आपण पोथ्यांच्या संदर्भात विचारतो. अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवर गेल्या पाऊणशे वर्षांत धावलेल्या जीपगाड्या पाहिल्या, तर हेच प्रश्न तेथे लोखंडात उभे असलेले दिसतात. कारण वऱ्हाडात जीप जशी आली तशी क्वचितच राहिली. मालकाने ती आपल्या अंगणात किंवा गावच्या गॅरेजात बदलून घेतली. या बदलांचा इतिहास कोठे लिहिलेला नाही. त्याची निदान रूपरेषा मांडावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा इतिहास जीपपासून सुरू होत नाही. तो बंडीपासून सुरू होतो. वऱ्हाडातील बैलगाडीला बंडी म्हणतात. ती कारखान्यातून येत नसे. गावचा वाढई लाकूड घडवी, लोहार चाकाची धाव गोवऱ्यांच्या विस्तवात लाल करून चढवी आणि वर पाणी ओतून ती आवळी. बंडीला एकच एक ‘मूळ’ रूप नव्हते. कापूस जिनिंगला न्यायचा असेल तर तिला तट्टे लागत, शेणखत वाहायचे असेल तर वेगळ्या फळ्या बसत, माणसे न्यायची असतील तर वर छप्पर येई. लग्नाकार्याला हलकी दमणी वेगळी असे, पण तिच्यावरही मालकाच्या ऐपतीप्रमाणे आणि हौसेप्रमाणे काम चाले. वाहन म्हणजे ऋतूप्रमाणे आणि कामाप्रमाणे बदलायची वस्तू, ही समजूत या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती. पुढे मोटारींची टाकाऊ चाके आणि आंख बंडीखाली बसवून टायरची बंडी झाली, तेव्हाही कोणाला आपण काही मोडतो आहोत असे वाटले नाही.

अशा मुलखात जीप आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीपगाड्या बनविल्या. युद्ध संपल्यावर उरलेल्या लष्करी गाड्या जगभर विक्रीस निघाल्या. भारतात स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलीजच्या परवान्याने जीपची जोडणी सुरू केली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे ज्या जीपला लोक ‘असली विलीज’ म्हणून ओळखतात, ती बहुधा सीजे-३बी या जातीची, उंच नाकाची असते. हे उंच नाक युद्धातल्या जीपला नव्हते. १९५३ साली बाजारात आलेल्या या गाडीत नवे, अधिक उंचीचे हरिकेन इंजिन बसवायचे होते, म्हणून कारखान्यानेच जुन्या अंगावर बॉनेट उंचावले. म्हणजे आपण ज्याला मूळ समजून चाललो, तेच एका आधीच्या मुळावर केलेले ठिगळ होते. अमेरिकेत त्या गाडीचे उत्पादन १९६८ साली थांबले, भारतात मात्र ती पुढे कैक वर्षे निघत राहिली.

वऱ्हाडी मालकाने तिच्यात काय काय बदलले? पहिला बदल छताचा. कापडी टपाची जीप विदर्भाच्या उन्हाळ्यात भाजून काढते आणि पावसाळ्यात बाजूंनी पाणी घेते, म्हणून पत्र्याचे छत आणि पत्र्याचीच दारे आली. छतावर सळयांचे कॅरिअर आले. पुढे जाड नळ्यांचा गार्ड आला. रात्री पांदणीवर आडवे येणारे रानडुक्कर किंवा निलगाय हे त्याचे कारण सांगितले जाई, आणि ते अगदीच खोटे नव्हते. मागे संत्र्यांसाठी ट्रॉली जोडण्याची सोय झाली. वरूड-मोर्शीच्या बागाईतदाराला तिचे मोल वेगळे सांगावे लागत नसे. निवडणुकीच्या दिवसांत त्याच कॅरिअरवर भोंगे चढले.

दुसरा बदल अधिक खोलवरचा होता, तो इंजिनाचा. पेट्रोलवर चालणारी जीप शेतकऱ्याला परवडेना, तेव्हा तिचे इंजिन काढून डिझेलचे बसविण्याची चाल देशभर पडली. कोणी मॅटॅडोरचे इंजिन बसवी, कोणी आणखी कशाचे. इंजिनाची बैठक बदलली की पट्ट्या नव्याने जोडाव्या लागत, गिअरपेटीशी मेळ घालावा लागे, डिझेलच्या वाढीव वजनाला पुढचे पाटे वाढवावे लागत. हे सारे गणित कागदाशिवाय होई. १९८० च्या दशकात खुद्द कंपनीनेच प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने बनविलेले २११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन आपल्या जीपगाड्यांत सर्रास बसविले. मालकांनी आधी केलेली दुरुस्ती कारखान्याने मागाहून मान्य केली, असे याचे वर्णन करता येईल.

तिसरा बदल चाकांचा. वऱ्हाडची काळी जमीन पावसात फुगते, चाकाला चिकटते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. मग चाक फिरते, पण गाडी हलत नाही. अरुंद टायर चिखल कापून खाली काही घट्ट लागते का ते शोधतो, रुंद टायर वरच्या वर तरंगू पाहतो. कोणते बरे हे त्या त्या वावरावर अवलंबून, म्हणून प्रत्येकाने आपापल्या मातीला विचारून टायर निवडले. ‘आपल्याले वावरात न्या लागते’ हे एक वाक्य या साऱ्या बदलांचे समर्थन म्हणून पुरेसे होते.

हा वऱ्हाडाचाच विशेष होता असे मात्र नाही. फिलिपीन्समध्ये अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेल्या जीपगाड्या लांबवून, बाके टाकून, रंगवून लोकांनी ‘जीपनी’ नावाचे सार्वजनिक वाहनच निर्माण केले. हरियाणा-पंजाबच्या सीमेवरील मंडी डबवाली हे गाव जीपा नव्याने बांधून देण्याबद्दल प्रसिद्ध आहे. तेथील जीप उघडी, रुबाबाची. मालक दिसावा अशी. वऱ्हाडातली जीप बंदिस्त, माणसे आणि माल मावावा अशी. एकाच मुळातून प्रत्येक मुलखाने आपला पाठ काढला.

‘पाठ’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या लीळा गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. ती मूळ प्रत पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. म्हणून आज आपल्यापुढे आहेत ते पाठ. संपादकाला त्यांतून निवड करावी लागते आणि ती निवड वादाला कारण होते, वि. भि. कोलते यांनी संपादिलेल्या १९७८ च्या आवृत्तीभोवती झालेला वाद वाचकांना ठाऊक असेलच. पोथी आणि जीप यांची बरोबरी करण्याचा आमचा मानस नाही. एवढेच म्हणायचे आहे की, मूळ हाती नसताना, किंवा हाती असूनही अपुरे पडत असताना, वापरणाऱ्यांनी ते पूर्ण केले, या घटनेकडे भ्रष्टता म्हणून पाहण्याची सवय आपण साहित्यात केव्हाच सोडली आहे.

तरीही येथे थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. पोथीतल्या चुकीच्या पाठाने कोणाचा जीव जात नाही.

वऱ्हाडात सर्वांत अधिक माणसे ज्या बदललेल्या जीपमध्ये बसली तिचे नाव काळीपिवळी. पश्चिम महाराष्ट्रात जिला वडाप म्हणतात, तीच ही. जेथे एसटी दिवसातून एक-दोनदाच येई, तेथे बाजाराला जाणारी बाई, तालुक्याच्या महाविद्यालयात शिकणारी मुले, परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीकडे निघालेले कोरकू कुटुंब, या सर्वांना या गाडीने जग जवळ आणून दिले. हे ऋण नाकारता येणार नाही. पण तिचे मागचे अंग लांबविले गेले, समोरासमोरची बाके वाढली, छतावर पोती आणि पोत्यांवर माणसे चढली. कायद्याने मॅक्सीकॅबला चालकाखेरीज फार तर १२ उतारूंची मुभा आहे; प्रत्यक्षात कितीजण बसत हे वऱ्हाडात वाढलेल्या कोणालाही सांगायला नको. मागचे पाटे वाढविले की गाडी भार पेलते, परंतु ब्रेक तेच राहतात. छतावरच्या वजनाने गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि मेळघाटाच्या वळणावर त्याची किंमत मोजावी लागते. बंडी घडविणारा, हाकणारा आणि तीत बसणारा एकाच गावचे होते, चूक झाली तर ती कोणाची हे सर्वांना कळे. काळीपिवळीत बसलेल्या उतारूला आपल्या बाकाखाली काय जोडले आहे हे विचारण्याची सोय नव्हती. बदल मालकाचा आणि धोका दुसऱ्याचा, अशी ही विभागणी झाली.

कायदा नेमक्या या जागी उभा राहिला. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम आरंभी मालकाला परवानगी घेऊन बदल करण्याची वाट ठेवून होते. २००० सालच्या दुरुस्तीने ती वाट अरुंद केली आणि निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई केली. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या एका प्रकरणात याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा नेमली. त्याआधी, डिसेंबर २०१७ मध्ये, पुढच्या गार्डविरुद्ध कारवाई करण्याचे केंद्राने राज्यांना कळविले होते. पादचाऱ्याला तो घातक ठरतो आणि एअरबॅगच्या कामात अडथळा आणू शकतो, हे त्यामागचे कारण. अपंग व्यक्तीसाठी वाहन अनुकूल करून घेण्याची मुभा मात्र कायद्याने राखली आहे, आणि ते योग्यच आहे.

कायद्याच्या हेतूबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याने एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे निर्माता हाच वाहनाचा एकमेव कर्ता. जीपचा इतिहास याला साक्ष देत नाही. २०१० साली आलेली थार कापडी टपाची होती. मालकांनी तिला जागोजाग कठीण छत बसवून घेतले. २०२० च्या नव्या थारमध्ये ते छत कारखान्यातून मिळू लागले, आणि २०२४ मध्ये त्याच नावाची पाच दारांची गाडी आली. ज्या बदलाला काल फेरफार म्हटले, तो आज मूळ संहितेत समाविष्ट झाला. आज अमरावतीत एमएच-२७ किंवा अकोल्यात एमएच-३० क्रमांकाच्या उंचावलेल्या, मोठ्या टायरांच्या गाड्या दिसतात, तेव्हा जुनी माणसे हौस म्हणून नाक मुरडतात. पोळ्याला बैलांची शिंगे रंगविणाऱ्या मुलखाने हौसेला इतके कमी लेखू नये, असे आम्हांला वाटते. प्रश्न हौसेचा नाही. बदललेल्या गाडीचा भार कोणावर पडतो, आणि त्याला ते आधी सांगितले होते का, हा आहे. मुळाशी इमान यापेक्षा ही कसोटी आम्हांला अधिक विश्वासार्ह वाटते. तिच्यावर कापडाच्या जागी नीट बसविलेले छत उतरते, मागे लांबविलेली काळीपिवळी उतरत नाही.

शेवटी एक विनंती. ज्यांनी हे पाठ सिद्ध केले ते मिस्त्री पोथ्यांच्या लिपिकारांपेक्षाही अनाम आहेत. लिपिकार निदान शेवटी आपले नाव आणि तिथी घालीत. परिवहन कार्यालयाच्या नोंदीत परवानगी सापडेल, पण कोणत्या अडचणीवर कोणती युक्ती काढली हे सापडणार नाही. जुन्या जीपा भंगारात जात आहेत. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द झाली, त्यांत वन, महसूल आणि कृषी खात्यांच्या कितीतरी जीपा असतील. त्यांच्याबरोबर गॅरेजातले शब्दही जात आहेत. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतील मराठीच्या विद्यार्थ्यांनी एखादी सुट्टी या वृद्ध मिस्त्र्यांपाशी काढावी, त्यांना एकेका जीपची हकीकत विचारावी, आणि ते सांगतील तशी, त्यांच्याच वऱ्हाडीत, उतरवून घ्यावी. पाठभेद नोंदवून ठेवण्याचे शिक्षण आपल्याला मिळालेलेच आहे.