कृपा : शब्द आणि सिद्धांत

ख्रिस्ती तारणविचारात कृपा म्हणजे केवळ दया नव्हे. ते मनुष्याने न कमावलेले ईश्वरी दान होय. संकल्पबळाने मनुष्य निष्पाप राहू शकतो, हे पेलागियसचे मत ऑगस्टीनने खोडून काढले आणि इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने ते त्याज्य ठरविले. सोळाव्या शतकात वाद पुन्हा पेटला. तारण केवळ श्रद्धेने लाभते, असे ल्यूथरने प्रतिपादिले. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये कृपेचे अग्रत्व मानूनही मानवी इच्छेच्या सहकार्यास स्थान दिले.

ट्रेंटचा वारसा मानणाऱ्या जेझुइट थॉमस स्टीफन्सने 'क्रिस्तपुराणा'त (१६१६) संतवाङ्मयाने रुळविलेला 'कृपा' हाच शब्द योजिला. १८९५ मध्ये प्रॉटेस्टंट पंथात बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनाही तोच पुरला. त्या दोन पंथांतील मतभेद मात्र या एका शब्दात दिसत नाही.

त्याहून मोठा भेद दुसराच आहे. कृपा दोन्ही परंपरांत अहेतुक आहे. परंतु संतांची कृपा जन्ममरणाच्या फेऱ्यातून सोडविते, ख्रिस्ती कृपा पापातून, आणि तीही क्रूसावरील एका ऐतिहासिक बलिदानाच्या द्वारे. परिचित शब्दामुळे नवा धर्मविचार मराठीस परका वाटला नाही, हे या कवींचे यश होय. पण त्या शब्दामागचा क्रूस वाचकाच्या दृष्टीआड झाला, तर भाषा गोड राहते आणि सिद्धांत निसटतो.