नांदूर मध्यमेश्वर : पाणथळ निफाडमध्ये, काळजी नाशिकची

नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटरवर, निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने इथे कालव्यांना पाणी देण्यासाठी बंधारा बांधला. नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. त्यातून उथळ पाणी, चिखलाची बेटे आणि लव्हाळ्याची दाटी तयार झाली. सिंचनाच्या दृष्टीने गाळ म्हणजे नुकसानच. पक्ष्यांना मात्र तो फळला. चित्रबलाक, चमचे, वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या, हिवाळ्यात बदकांचे थवे असे २६५ हून अधिक जातींचे पक्षी इथे नोंदले गेले आहेत. डॉ. सालिम अली यांनी या जागेला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हटले ते उगीच नाही. १९८६ मध्ये हे अभयारण्य झाले. जानेवारी २०२० मध्ये ते राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. रामसर हे इराणमधील शहर. पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार १९७१ मध्ये तिथे झाला, म्हणून हे नाव.

इतके सगळे झाल्यावर जागा सुरक्षित आहे असे वाटणे साहजिक आहे. पण रामसर स्थळाची हद्द आहे १,४३७ हेक्टरची, आणि त्यात येणारे पाणी त्या हद्दीच्या कितीतरी वरून येते.

वरून काय येते?

गोदावरी नाशिक शहरातून वाहत येते. नंदिनी, म्हणजे जुनी नासर्डी, शहराचे सांडपाणी घेऊन टाकळीजवळ तिला मिळते. पुढे दारणा मिळते. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथे मलनिस्सारण केंद्रे आहेत, पण शहर वाढते त्या वेगाने केंद्रांची क्षमता वाढवणे सोपे नसते. सिंहस्थासारख्या पर्वात तर ताण आणखी वाढतो.

सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद म्हणजे वनस्पतींना खतच. शेतातून वाहून येणाऱ्या खतांची त्यात भर पडते. त्यावर पाणवेली फोफावतात आणि पाणी झाकून टाकतात. खाली ऊन पोहोचत नाही, वेली कुजू लागल्या की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. मोकळे पाणी लागणाऱ्या बदकांना उतरायला जागा उरत नाही. यंत्राने पाणवेली काढता येतात, काढतातही. पण वरून येणारे खत थांबले नाही तर त्या पुन्हा येतात.

कायदा काय म्हणतो?

पाणथळ जागांसाठी २०१७ चे केंद्रीय नियम आहेत. भराव टाकून जागेचा वापर बदलणे, नवे उद्योग उभारणे, कचरा टाकणे, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे यांना त्यात मनाई आहे. मागील १० वर्षांतील सरासरी महत्तम पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्के बांधकामही करता येत नाही. मात्र अभयारण्याच्या हद्दीतील पाणथळींना हे नियम लागू होत नाहीत. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा चालतो.

त्या कायद्याचे कलम २९ कडक आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय अभयारण्यात येणारे किंवा तिथून बाहेर जाणारे पाणी वळवता, अडवता वा वाढवता येत नाही. वरच्या शहरातील सांडपाणी हा विषय मात्र १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचा, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आणि महापालिकेचा. बंधाऱ्याचे दरवाजे जलसंपदा विभागाकडे, पक्षी वनविभागाकडे. चापडगावच्या मनोऱ्यावरून पाहणाऱ्याला एकच तळे दिसते. कागदावर मात्र त्याचे तीन-चार मालक आहेत.

बाकीच्या तळ्यांचे काय?

खरी अडचण अभयारण्याबाहेर आहे. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली जलाशये २०१७ च्या नियमांतील ‘पाणथळ’च्या व्याख्येतून वगळलेली आहेत. बोट क्लब आणि पर्यटनामुळे वर्दळ वाढलेले नाशिकजवळचे गंगापूर धरण याच प्रकारचे. नांदूर मध्यमेश्वरही मुळात सिंचनाचा बंधाराच. अभयारण्य घोषित झाले नसते तर याच वगळणुकीचा प्रश्न त्याच्यापुढेही उभा राहिला असता.

त्यामुळे आपल्या परिसरातील तळ्यात भराव पडताना दिसला, तर आधी ते कोणत्या यादीत आहे हे तहसील आणि वनविभागाच्या कार्यालयात विचारावे. कोणत्याच यादीत नसेल तरी प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडल्याची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करता येते. त्यासाठी तळे अधिसूचित असण्याची गरज नाही.